एक टप्पा आउट, तोही छापील : १८६० सालचा बेस बॉल आज कसा खेळतात

चाळीच्या चौकात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळलेल्या माणसाला ‘एक टप्पा आउट’ समजावून सांगावं लागत नाही. जागा अरुंद, फिल्डर चारच, बॉल रबरी. मग खेळ सुरू व्हायच्या आधी बॅटचा मालक जाहीर करतो, की टप्पा पडून कॅच घेतला तरी आउट. पुढे मोठं मैदान मिळालं, खरा सीझन बॉल हातात आला, की हा नियम आपोआप गळून पडतो. तो पोरासोरांचा नियम, असं आपण धरून चालतो.

अमेरिकेत मात्र दाढीमिशा असलेले, नोकरीधंदा करणारे, क्लबाची वर्गणी भरणारे पुरुष हाच नियम लावून बेसबॉल खेळत होते. नियम तोंडी नव्हता, छापील पुस्तकात होता, आणि १८६४ च्या हंगामापर्यंत लागू होता. आज ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात ‘ओहायो व्हिलेज मफिन्स’ नावाचा संघ उन्हाळाभर पुन्हा तसंच खेळतो. १९८१ पासून खेळतोय. हातात ग्लोव्ह नाही, पाठीवर नंबर नाही, बॉल खालून टाकायचा, आणि कॅच टप्प्यावर घेतला तरी बॅटवाला बाद.

हा प्रकार वरवर पाहिला तर फॅन्सी ड्रेससारखा वाटतो. नीट पाहिला की लक्षात येतं, की जुनं नियमपुस्तक हाताने वाचून पाहण्याचा हा एक उद्योग आहे. तोच इथे उलगडून सांगतो. क्रिकेट येणाऱ्या मराठी वाचकाला तो बेसबॉलवर वाढलेल्या अमेरिकन माणसापेक्षा लवकर कळेल, असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

आधी ‘जिवंत इतिहासाचं गाव’ म्हणजे काय ते. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. तिथे लोहार, कुंभार, मोट हाकणारा शेतकरी असे माणसाएवढे पुतळे करून जुनं गाव उभं केलंय. त्या पुतळ्यांच्या जागी हाडामांसाची माणसं आणा. लोहार खरंच भाता चालवतोय, बाई चुलीवर खरंच पाव भाजतेय, आणि तुम्ही विचारलंत तर दोघंही उत्तर देतायत. जुनी घरं मूळ जागेवरून उचलून आणून एकत्र मांडायची आणि त्यांत माणसं वावरायला लावायची, ही कल्पना स्वीडनमध्ये रुजली. आर्टुर हाझेलियस यांनी स्टॉकहोममध्ये १८९१ साली उघडलेलं स्कान्सेन हे अशा उघड्यावरच्या संग्रहालयांचं मूळपीठ मानलं जातं. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी मिशिगनमधल्या डिअरबॉर्न इथे १९२९ मध्ये ग्रीनफील्ड व्हिलेज सुरू केलं. कोलंबसचं ओहायो व्हिलेज आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं ओल्ड बेथपेज ही त्याच वाटेवरची पुढची गावं.

अशा गावांची एक अडचण असते. घरं असतात, दुकानं असतात, शाळा असते, पण शांतता संग्रहालयाचीच असते. खऱ्या गावात संध्याकाळी आरडाओरडा असतो. १९८० च्या आसपास ओल्ड बेथपेज आणि ओहायो व्हिलेज या दोन ठिकाणी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की गावाबाहेरच्या मोकळ्या कुरणात त्या काळासारखा बेस बॉल खेळला तर? तिथून ही वेल पसरली. १९९६ मध्ये अशा संघांची एक संघटनाही निघाली. न्यूयॉर्क राज्यातल्या ममफर्ड इथल्या जेनेसी कंट्री व्हिलेजने तर २००१ मध्ये एकोणिसाव्या शतकासारखं लाकडी बाकांचं खास मैदानच बांधलं.

(तेव्हा इंग्रजीत हे नाव ‘बेस बॉल’ असं तोडून, दोन शब्दांत लिहीत. हे संघही तसंच लिहितात. मीही जुन्या खेळाला बेस बॉल आणि आजच्याला बेसबॉल म्हणतो, म्हणजे कुठल्याबद्दल बोलतोय ते कळेल.)

ज्यांनी बेसबॉल कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मैदानात शंकरपाळ्याच्या आकारात चार ठिकाणं असतात. एका टोकाला ‘होम’, तिथे बॅटवाला उभा. बॉल मारला की पहिला, दुसरा, तिसरा बेस करत परत होमला पोचायचं, की एक धाव. तीन माणसं बाद झाली की डाव समोरच्यांचा. इथे मारल्यावर पळावंच लागतं. क्रिकेटसारखं बॉल अडवून खेळपट्टीवर ठाण मांडून बसता येत नाही.

आता खरी गोची. ‘जुन्या नियमांनी खेळू’ म्हणणं सोपं, पण जुने म्हणजे कोणत्या सालचे? क्रिकेटचे नियम बदलले तरी शतकभरापूर्वीचा सामना आपल्याला ओळखू येतो. बेस बॉलचे नियम मात्र एकोणिसाव्या शतकात जवळजवळ दर हिवाळ्यात बदलत होते. हंगाम संपला की क्लबांचे प्रतिनिधी जमायचे, भांडायचे, काहीतरी बदलून घरी जायचे.

सुरुवात बहुतेक जण न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबापासून करतात. या क्लबाने सप्टेंबर १८४५ मध्ये आपले नियम कागदावर उतरवले. १९ जून १८४६ रोजी नदीपलीकडे होबोकेनच्या एलिझियन फील्ड्सवर ते दुसऱ्या एका न्यूयॉर्क संघाशी खेळले आणि स्वतःच्याच नियमांनी २३-१ असे सडकून हरले. त्या वेळी नऊ डावांचा नियम नव्हता. ज्याच्या २१ धावा आधी होतील तो जिंकला, असा हिशोब होता, आणि धावेला ‘एस’ म्हणत, पत्त्यांतल्या एक्क्यासारखं. (जर्सी सिटीत राहणाऱ्या मराठी मंडळींना होबोकेन म्हणजे शेजारचं गाव. तिथे आता इमारती आहेत, पण त्या जागेची आठवण म्हणून पाटी लावलेली आहे.) पुढे दोनच वर्षांनी, १८४८ मध्ये, मुंबईत पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. दोन खंडांत जवळजवळ एकाच सुमाराला माणसं बॅट-बॉलभोवती क्लब उभे करत होती, याचं मला फार कुतूहल वाटतं.

१८५७ च्या बैठकीत सामना नऊ डावांचा, संघ नऊ जणांचा आणि दोन बेसमधलं अंतर ९० फूट असं ठरलं. ते आजतागायत टिकलं. बाकीचं मात्र पुढची पन्नास वर्षं हलत राहिलं. पिचर (बॉल टाकणारा) आणि होम यांच्यातलं अंतर ४५ फूट होतं, ते १८८१ मध्ये ५० झालं, आणि आजचं ६० फूट ६ इंच यायला १८९३ उजाडलं. हात खांद्यावर नेऊन बॉल फेकायला मोठ्या लीगमध्ये परवानगी मिळाली ती १८८४ मध्ये. बॅटवाल्याने ‘मला वर टाक’ किंवा ‘खाली टाक’ अशी फर्माईश करण्याचा हक्क १८८७ पर्यंत शाबूत होता. म्हणजे १८४६, १८६०, १८६७ आणि १८८६ हे चार वेगवेगळे खेळ झाले. म्हणून ही मंडळी ‘जुना बेस बॉल’ असं म्हणत नाहीत, साल सांगतात. मफिन्स १८६० चे. ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये ऑगस्टमध्ये जी स्पर्धा होते ती १८६७ ची, कारण ऑगस्ट १८६७ मध्ये डेट्रॉइटला झालेल्या एका गाजलेल्या स्पर्धेची ती आठवण आहे.

त्यातही हे सगळं न्यूयॉर्ककडचं. मॅसॅच्युसेट्समध्ये वेगळाच खेळ चालायचा. तिथे बेस म्हणजे जमिनीत रोवलेले चार फुटी खांब. बॅटवाला पहिल्या आणि चौथ्या खांबाच्या मध्ये उभा. फाउल (होमपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या रेषांबाहेर गेलेला बॉल) नावाची भानगडच नाही, बॉल मागे मारला तरी पळा. एक बाद झाला की अख्खा संघ बाद. आणि पळणाऱ्याला बाद करायचं तर बॉल नेमून त्याच्या अंगावर हाणायचा. आपल्या लगोरीत किंवा आबाधुबीत पाठीत बॉल बसतो तसा. बॉल अर्थात हलका आणि मऊ असे. १ जुलै १८५९ रोजी ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन कॉलेजांमध्ये अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला तो याच पद्धतीने, आणि ॲमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला. सामन्याचं गाव पिट्सफील्ड. त्याच पिट्सफील्डच्या १७९१ च्या एका ठरावात सभागृहापासून ८० यार्डांच्या आत बेसबॉल आणि इतर चेंडूचे खेळ खेळायला मनाई केलेली आहे, खिडक्यांच्या काचा वाचाव्यात म्हणून. काच आणि चेंडू यांचं वैर पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे सारखंच.

हा ठराव कामाचा अशासाठी, की ‘ॲब्नर डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपर्सटाउन गावी बेसबॉल शोधून काढला’ ही गोष्ट अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. १९०७ मध्ये एका समितीने एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर भिस्त ठेवून तसा निकाल दिला होता. डबलडे त्या साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. खेळ कुणा एकाने ‘शोधला’ नाही. विटीदांडू कुणी शोधला म्हणून विचारण्यासारखंच ते. तरी बेसबॉलच्या नामवंत खेळाडूंचं ‘हॉल ऑफ फेम’ १९३९ मध्ये कूपर्सटाउनलाच उघडलं, आणि आजही तिथेच आहे.

चला, १८६० च्या सामन्याला. कुरण थोडं उंचसखल. होम म्हणजे पांढरा रंग दिलेली लोखंडाची गोल ताटली. बाकी तीन बेस म्हणजे वाळू किंवा भुसा भरलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या. सीमारेषेचं कुंपण नाही. खेळाडूंच्या अंगात लांब पँट आणि पुढे बटणांनी लावलेला कापडी चौकोन असलेला शर्ट. गुडघ्याखाली आवळलेली तोकडी विजार आणि लांब मोजे हा बेसबॉलचा ओळखीचा वेश १८६० चा नव्हेच. तो सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज संघाने १८६८ मध्ये आणला. याच संघाने १८६९ मध्ये उघडपणे पगारी खेळाडू ठेवले आणि त्या वर्षी एकही सामना गमावला नाही.

बॉल हातात घेऊन पाहावा असा असतो. आत भारतीय रबराचा गोळा म्हणून ओळखला जाणारा गाभा, त्यावर गुंडाळलेली लोकर, आणि वर एकाच कातड्याचं आवरण, लिंबाची साल चार फाकांत सोलून पुन्हा मिटवावी तशी शिलाई. म्हणून त्याला ‘लेमन पील’च म्हणतात. १८६० च्या नियमाप्रमाणे वजन पावणेसहा ते सहा औंस, म्हणजे साधारण १६३ ते १७० ग्रॅम, आणि परिघ पावणेदहा ते दहा इंच. आपला क्रिकेटचा बॉल साडेपाच ते पावणेसहा औंसांचा आणि नऊ इंचांच्या आसपास परिघाचा. म्हणजे हा त्याहून मोठा आणि जरा जड, पण अंगाने मऊ. एका सामन्याला एकच बॉल. झुडपात गेला की सगळे मिळून शोधायचा. सातव्या-आठव्या डावापर्यंत तो चांगलाच मार खाल्लेला असतो आणि पहिल्यासारखा लांब जात नाही.

आणि ग्लोव्ह नाहीत. १८७५ मध्ये पहिल्या बेसवरचा एक खेळाडू बोटं कापलेला, कातडीच्या रंगाचा हातमोजा घालून आला, तो सुद्धा लोकांनी हसू नये म्हणून फारसा दिसू नये असा. अमेरिकन प्रेक्षकाला उघड्या हाताने कॅच घेणं अचाट वाटतं. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, आपण तसेच वाढलो. म्हणूनच म्हटलं, हा खेळ आपल्याला लवकर कळेल.

आता तो टप्पा. बॉल हवेत उडाला. लांब उभ्या असलेल्या फिल्डरपुढे दोन रस्ते आहेत. धावत जाऊन थेट झेलायचा, किंवा थांबून, एक टप्पा पडू देऊन, आरामात उचलायचा. दोन्हीत बॅटवाला बाद. मग थेट झेलून बोटं कोण सुजवून घेईल? पहिल्यांदा बघणाऱ्याला म्हणूनच हे फिल्डर आळशी वाटतात. बॉलकडे जायच्या ऐवजी मागे मागे सरकतात.

पण नियमात एक मेख आहे आणि ती पुस्तकात वाचताना सहज निसटते. बॉल थेट झेलला गेला तर बेसवरच्या पळणाऱ्यांना आपापल्या बेसला परत जावं लागतं. टप्प्यावर झेलला तर तशी सक्ती नाही. म्हणजे टप्प्याचा झेल घेतलात तर मारणारा गेला, पण दुसऱ्या-तिसऱ्या बेसवरचे तोवर पुढे सुटलेले असतात. थेट झेललात तर मारणारा जातोच, शिवाय पळणारा परत पोचायच्या आत बॉल त्या बेसवर गेला तर तोही जातो. तेव्हा बेस रिकामे असतील तर टप्प्यावर घ्या, आणि माणसं उभी असतील तर बोटांची पर्वा न करता थेट झेला. फिल्डरला प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदात हे ठरवावं लागतं. पोरासोरांचा वाटणारा नियम एकदम बुद्धीचा होतो. त्यात कुरण उंचसखल. टप्पा पडल्यावर बॉल कुठे वळेल ते देवाला ठाऊक. ‘सोपा’ टप्प्याचा झेल खांद्यावरून निघून गेला की सगळे हसतात, आणि त्या चुकीला तेव्हाचा शब्द होता ‘मफ’. वारंवार मफ करणारा तो ‘मफिन’. क्लबाचा पहिला संघ, दुसरा संघ आणि तळाला मफिनांचा संघ अशी उतरंड असायची. मफिनांचे सामने लोक हसायला म्हणून बघत. लठ्ठ विरुद्ध सडपातळ, लग्न झालेले विरुद्ध सडेफटिंग असेही सामने होत. कोलंबसच्या संघाने आपलं नाव तिथून उचललं, आणि मला ते फार प्रामाणिक वाटतं.

फाउल बॉलही टप्प्यावर झेलला तर बाद. त्यामुळे बॅटच्या कडेला लागून मागे उडालेला प्रत्येक बॉल म्हणजे विकेटकीपरची संधी. या जागेला तेव्हा ‘बिहाइंड’ म्हणत. तो बॅटवाल्याला चिकटून उभा राहत नाही. तोंडाला जाळी नाही, छातीला पॅड नाही, तर कशाला राहील? तो काही पावलं मागे राहून बॉल टप्प्यावर घेतो. हे पुस्तकात कुणी लिहून ठेवलेलं नाही. उघड्या हातांनी एक दुपार खेळलात की पाय आपोआप मागे जातात. जुन्या चित्रांत तो इतका लांब का, याचं उत्तर तळहात देतो.

याच्या उलट, फेअर-फाउल ठरवण्याचा तेव्हाचा नियम कागदावर निरुपद्रवी दिसतो. बॉल पहिला टप्पा कुठे पडला तेवढंच पाहायचं. रेषांच्या आत पडला की फेअर, मग पुढे तो फिरकी घेऊन कुठेही जावो. त्यावर हुशार बॅटवाल्यांनी असा फटका काढला, की बॉल होमच्या पुढ्यात टप्पा घेऊन भलतीकडेच, मैदानाबाहेर सुसाट जाईल. फिल्डरांनी तो आणेपर्यंत हा दोन बेस पार. शिकागोचे रॉस बार्न्स त्यात पटाईत होते. १८७७ मध्ये नियम बदलला आणि ही कला एका रात्रीत मेली. आज ती पुन्हा पाहायची तर या गावांतच.

टाकणाऱ्याची गोष्ट वेगळीच. नियमाने बॉल खालून, हात सरळ झुलवत ‘पिच’ करायचा, फेकायचा नाही. मूळ कल्पना अशी, की पिचरने बॉल वाढून द्यावा, बॅटवाल्याने मारावा आणि मग खरा खेळ म्हणजे फिल्डिंग आणि पळापळ. क्रिकेटमध्ये सुद्धा खांद्यावरून टाकायला कायद्याने मोकळीक १८६४ मध्ये मिळाली, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. पण ब्रुकलिनच्या एक्सेलसियर क्लबाचे जिम क्रेटन १८६० मध्ये खालूनच, मनगटाला झटका देऊन, इतक्या वेगाने टाकू लागले की समोरचे गांगरले. नियम मोडल्याचं सिद्ध होईना. क्रेटन १८६२ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी वारले, पण वाढपी पिचर त्यांच्याबरोबर संपला. तेव्हा ‘बॉल’ मोजण्याची पद्धत नव्हती, म्हणजे वाइड बॉलचा दंड नाही. पिचर हवं तसं लांब टाकी आणि बॅटवाला हवं तितका वेळ सोडून देई. प्रेक्षक कंटाळून जात. बॅटवाल्याला आळा घालायला १८५८ मध्ये, आणि पिचरला आळा घालायला १८६४ मध्ये नियम आला. आजच्या बेसबॉलमधली स्ट्राइक-बॉलची किचकट मोजणी या चेंगटपणातून जन्मली आहे.

आणि इथे मला या संघांची एक गोष्ट खटकते. १८६० खेळणारे बरेचसे पिचर अगदी सौम्य, मारायला सोपा बॉल टाकतात. पाहुण्यांना मजा येते, बोटं शाबूत राहतात, ते ठीकच. पण १८६० हे क्रेटन यांचंच साल. त्या साली चुरशीच्या सामन्यात कुणी लाडाने बॉल वाढत नव्हतं. म्हणजे नियम १८६० चे, वृत्ती मात्र १८४५ ची.

पंचाचं काम मात्र मला पुस्तकापेक्षा मैदानातच जास्त कळतं. एकच पंच, दोन्ही संघांच्या संमतीने नेमलेला, बहुधा उंच हॅट घालून बाजूला उभा. १८६० च्या नियमात खास लिहिलंय, की फाउल आणि पिचरची लबाडी त्याने ‘न विचारता’ आणि स्पष्ट ऐकू येईल अशी जाहीर करावी. न विचारता, असं मुद्दाम म्हणावं लागलं, याचा अर्थ उरलेलं विचारल्यावरच. अमेरिकन वाचकाला हे गूढ वाटतं. ‘हाउज दॅट’ ओरडत मोठे झालेल्यांना वाटत नाही. ही क्रिकेटची सावली आहे, आणि ती योगायोगाने पडलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा क्रिकेट जोरात होतं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १८४४ मध्ये तिथे क्रिकेटचा सामना झाला, जगातला पहिला आंतरराष्ट्रीय. बेस बॉलचा धावफलक घडवणारे हेन्री चॅडविक हे इंग्लंडात जन्मलेले क्रिकेटचे वार्ताहर होते. रेड स्टॉकिंग्जचे कर्णधार हॅरी राइट शेफील्डमध्ये जन्मले, आणि आधी सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात पगारी खेळाडू होते.

टप्प्याचा नियम गेला कसा, तेही क्रिकेटवाल्यांच्या टोमण्यांनी. थेट झेल हाच मर्दाचा झेल, टप्प्यावर तर शाळेतली पोरं घेतात, असं चॅडविक वर्षानुवर्षं लिहीत राहिले. निकरबॉकर क्लबही त्यांच्या बाजूचा. पण छोट्या क्लबांना भीती, की टप्पा गेला तर आमचे मफिन काय करतील? ठराव मांडला जायचा आणि पडायचा. शेवटी डिसेंबर १८६४ मध्ये तो मंजूर झाला आणि १८६५ च्या हंगामापासून थेट झेल सक्तीचा झाला. फाउल बॉलला मात्र टप्पा पुढेही बराच काळ चालू राहिला.

आता जे पुस्तकात नाही आणि तरी मैदानात दिसतं, त्याबद्दल. अनेक ठिकाणी धाव पूर्ण केलेला खेळाडू जाऊन घंटा वाजवतो. लहान मुलांना ते फार आवडतं. १८६० च्या नियमात घंटा नाही. प्रेक्षकांना हे लोक ‘क्रँक’ म्हणतात, तो शब्द १८८० च्या दशकातला. शिवी दिली, थुंकला, की पंच २५ सेंट दंड ठोकतो. हे मात्र अगदीच हवेतलं नाही. निकरबॉकरांच्या वहीत सभ्यपणा सोडणाऱ्यांना केलेल्या काही सेंटांच्या दंडांच्या नोंदी आहेत. अमेरिकन यादवी युद्धाच्या लढाया रंगवणाऱ्या हौशी मंडळींत काळाशी न जुळणाऱ्या गोष्टीला ‘फार्ब’ असा एक कुत्सित शब्द आहे. घंटा म्हणजे फार्बच. पण घंटेने फारसं बिघडत नाही, असं माझं मत.

बिघडतं ते दुसऱ्या ठिकाणी. हे सामने फार गोड असतात. सगळे सज्जन, हरल्यावर समोरच्यांसाठी तीनदा जयजयकार, सामन्याचा बॉल जिंकणाऱ्यांना समारंभाने भेट. हे सगळं तेव्हा होतंच, पाहुण्या संघाला रात्रीचं जेवणही असे. पण १८५८ मध्ये न्यूयॉर्क विरुद्ध ब्रुकलिन सामन्यांना तिकीट लागलं, आणि पैसा मैदानात आला. १८६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल क्लबाच्या तीन खेळाडूंनी १०० डॉलर घेऊन सामना सोडून दिला. मॅच फिक्सिंग बेस बॉलच्या बालपणापासूनचं आहे.

त्याहून जड गोष्ट फिलाडेल्फियाची. तिथे पिथियन हा कृष्णवर्णीयांचा उत्तम क्लब होता. त्याचे कर्णधार ऑक्टेव्हियस कॅटो हे शिक्षक आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते. १८६७ मध्ये पिथियनने राज्याच्या संघटनेत प्रवेश मागितला. दारं बंद आहेत हे दिसल्यावर अर्ज मागे घ्यावा लागला. त्याच डिसेंबरात राष्ट्रीय संघटनेने ज्या क्लबात एकही कृष्णवर्णीय सभासद असेल त्याला घ्यायचं नाही, असं ठरवलं. १८६९ मध्ये पिथियन शहरातल्या गोऱ्यांच्या ऑलिम्पिक क्लबाशी तरीही खेळला आणि ४४-२३ असा हरला. १० ऑक्टोबर १८७१ रोजी, मतदानाच्या दिवशी, कॅटो यांना रस्त्यात गोळ्या घालून मारलं.

डिअरबॉर्नची स्पर्धा १८६७ ची, आणि हे सगळंही १८६७ चंच. मग कुरणावर काय करायचं? इतिहासाशी इमान राखायचं म्हणून संघ फक्त गोऱ्या पुरुषांचे ठेवायचे? तसं कुणी करत नाही, करूही नये. कित्येक संघांत आता बायकाही खेळतात, आणि व्हॅसर कॉलेजात मुलींचे संघ १८६६ मध्येच होते, त्यामुळे ते अगदीच फार्ब नाही. टप्प्याचा नियम जसाच्या तसा ठेवायचा आणि माणसं गाळण्याचा नियम टाकून द्यायचा, ही निवड बरोबरच आहे. फक्त निवड केली आहे, हे सांगायला हवं. दोन डावांच्या मध्ये पंच किंवा कर्णधार प्रेक्षकांना टप्प्याचा नियम समजावतात. त्याच दोन मिनिटांत कॅटो यांचं नाव घेता येईल. लोहाराच्या भात्याइतकंच तेही त्या काळाचं आहे.

अमेरिकेत राहत असाल, किंवा उन्हाळ्यात मुलांकडे जाणार असाल, तर कोलंबस, डिअरबॉर्न किंवा ममफर्ड यांतलं जे जवळ असेल ते गाठा. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. गावाच्या तिकिटात सामना येतो का, ते आधी विचारून घ्या. होमच्या थेट मागे बसू नका, फाउल तिथेच येतात आणि तुमच्या-त्यांच्या मध्ये जाळी नसते. कोणत्या सालचे नियम आहेत ते सुरुवातीलाच विचारा, नाहीतर टप्प्याचा झेल बघून उगीच वाद घालाल. आणि पंचाला एखादा झेल दिसला नाही, तर तो हॅट सावरत प्रेक्षकांकडे येऊन विचारतो, की कुणी नीट पाहिलं का. दोन टप्पे पडले असतील तर दोन सांगा.